गालाचं माप

“एवढीच?” आप्पा मगदूम म्हणाले.

टाचणीवर लावलेली माशी मी त्यांच्यासमोर ठेवली होती. तिच्याखाली त्याच टाचणीत नखाएवढी चिठ्ठी होती. चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव : एस. मगदूम. तारीख वीस जुलैची. त्याच दिवशी एस. मगदूम, म्हणजे त्यांचा मुलगा सन्मती, हिमाचलात एका ओढ्याच्या घळीत पडून गेला होता.

“पेपरात फोटो केवढा मोठा होता,” ते म्हणाले.

“मोठा करून छापतात, काका.”

“व्हय, ते कळतंय. तरी मनात तेवढीच बसली होती.”

ते पहाटेच्या एसटीनं कुरुंदवाडहून आले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. आमच्या संग्रहाच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास कायम भरलेला असे. आल्या आल्या त्यांनी नाकाला रुमाल लावला होता, पण मी रुमालाशिवाय बसलेय हे पाहून तो खिशात ठेवून दिला.

“आता सांगा. ही दुर्मिळ माशीच नव्हं?”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं होतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. एम.एस्सी. होऊन मला तेव्हा वर्षच झालं होतं आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रकल्प सहायक होते. प्रकल्प बंबलबींचा. या जाड, केसाळ माश्यांना मराठीत धड नाव नाही, कारण आपल्याकडे त्या नाहीतच. त्यांना हिमालयातली थंडी लागते. सन्मतीनं आणि मी त्या शोधायच्या आणि कोणती कुठल्या जातीची ते ठरवायचं, एवढं आमचं काम. सोपं वाटतं, पण एकाच डोंगरावर तीन वेगळ्या जाती एकसारख्या दिसतात आणि एकाच जातीच्या दोन माश्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

आदल्या दिवशी डॉ. हेबळे सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

“उद्या मगदूमचे वडील येतायत. माशी बघायचीय त्यांना. दाखव.”

“काय सांगू, सर?”

“काय सांगू म्हणजे? दुर्मिळ आहे म्हणून सांग. पेपरवाल्यांना मी तेच सांगितलंय. शोकसभेत तेच बोललोय.”

“पण सर, मी सप्टेंबरमध्ये तुम्हाला मोजमापं दिली होती.”

“दिली होतीस. इथंच कुठंतरी आहेत.” त्यांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं, पण शोधलं काही नाही. “गुळवणी, तो माणूस घड्याळं दुरुस्त करतो. तुझी मोजमापं घेऊन तो काय करणार आहे? मुलगा कशापायी गेला ते त्याला हवंय. तेवढं दे, कँटीनला चहा पाज आणि पाठव.”

म्हणून मी आप्पांना म्हणाले, “हो. दुर्मिळ आहे.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. पण त्यांनी पिशवीत हात घातला आणि डोळ्याला लावायचं काळं भिंग काढलं. घड्याळजी लावतात ते.

“मग मला दाखवा की. दुर्मिळ आहे हे कशावरनं ओळखायचं?”

“काका, बारीक काम आहे.”

“चाळीस वर्षं बारीकच काम केलंय, ताई.”

मी काहीतरी कारण सांगू शकले असते. पेटी कुलपात आहे, सरांची परवानगी लागते, काहीही. पण कसं ओळखायचं असं कोणी मनापासून विचारलं की मला थांबता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. मी उठले आणि जुन्या खणातून दोन माश्या काढून आणल्या. एक साधी, हिमाचलात वाटेवाटेला दिसणारी. दुसरी दुर्मिळ जातीची, आमच्या संस्थेकडे असलेली एकुलती एक, साठ वर्षांपूर्वी कोणीतरी धरलेली.

आप्पांनी भिंग डोळ्यावर बसवलं, बाह्या मागे सारल्या आणि टाचणी दोन बोटांत धरून माशी उजेडाकडे फिरवली. माशीच्या एका केसालाही त्यांचं बोट लागलं नाही. मला ते जमायला सहा महिने लागले होते.

“रंग वेगळा हाय,” ते म्हणाले. “हिच्या पाठीवरचा पट्टा पिवळा, हिचा पांढुरका.”

“रंगावर जायचं नाही. उन्हानं केस विटतात. साधी माशी म्हातारी झाली की तिचाही पट्टा पांढुरका दिसतो.”

“मग कशावर जायचं?”

“गालावर.”

त्यांनी भिंगाचा डोळा तसाच ठेवून दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. “माशीला गाल?”

“आम्ही म्हणतो तसं. डोळ्याची खालची कड आणि जबड्याचं मूळ, यांच्या मधली जागा. साध्या माशीत ती जेवढी लांब तेवढीच रुंद असते. चौकोनी. दुर्मिळ माशीत रुंदीच्या दीडपट लांब.”

आप्पा हसले. त्या दिवशी ते एकदाच हसले. “आता कळलं. दिवाळीला घरी आला की आईच्या मागं लागायचा, आई थांब, तुझा गाल मोजू दे. ती म्हणायची, मोजून काय देणार हायस मला? आणि हा पट्टी घेऊन मागं.”

मग त्यांनी पुन्हा माश्यांकडे मान वळवली. साधी माशी पाहिली, दुर्मिळ पाहिली, पुन्हा साधी. “हां,” स्वतःशीच म्हणाले. “हिचा आखूड. हिचा लांब. चांगलंच लांब हाय की.” मग मी काही म्हणायच्या आत त्यांनी सन्मतीची माशी उचलली.

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. खाली कँटीनचा माणूस पिंपात पाणी भरत होता.

“ताई, ही आखूड हाय.”

मी खिडकीपासून वळले.

“तुम्ही सांगितलं तसंच बघितलं मी. हिची लांबी आणि रुंदी एक हाय. तुम्ही आत्ता दुर्मिळ म्हणालात.”

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “ती साधी आहे.”

त्यांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा लाल गोल उमटला होता. ते चिडतील, सरांकडे जातील, निदान विचारतील की पेपरात खोटं का छापलं, असं मला वाटलं. त्यांनी दुसरंच विचारलं.

“मग त्यानं मारली कशाला?”

सन्मतीच्या घरचे जैन होते. मध तर सोडाच, कंदमुळंही त्यांच्याकडे चालत नसत. हा मुलगा प्राणिशास्त्राला गेला तेव्हा घरात किती रामायण झालं असेल ते त्यानं मला कधी नीट सांगितलं नाही. नुसतं म्हणायचा, ‘आमच्याकडं माशी मारली की दोन दिवस कुणी बोलत नाही, आणि मी पगार घेऊन मारतो.’ खरं तर तो फार कमी मारायचा. बाकीचे लोक जाळ्यात येईल ते औषधाच्या बाटलीत टाकतात. सन्मती माशी काचेच्या नळीत धरायचा, ओढ्याच्या पाण्यात नळी बुडवून तिला गार करायचा, ती सुस्त झाली की भिंगातून बघायचा आणि ओळखली की दगडावर उन्हात ठेवून द्यायचा. पाच मिनिटांत ती उडून जायची. एकेका माशीला त्यानं अर्धा अर्धा तास दिलेला मी पाहिलाय. मी त्याच्यावर वैतागायचेही.

“आईला शब्द दिला होता त्यानं,” आप्पा म्हणाले. “ओळखू येईल ती सोडून देणार. अगदी दुर्मिळ असली, पुरावा ठेवल्याशिवाय गत्यंतरच नसलं, तरच मारणार. ती कबूल नव्हती. शेवटी म्हणाली, बरं, तेवढीच.” त्यांनी माशीकडे बोट केलं. “आणि ही तर साधी. वाटेवाटेला दिसती म्हणता. ही त्याला ओळखू आली नसंल?”

“आली असती.”

“मग शब्द मोडला म्हणायचा. मरायच्या दिवशी.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तिला पहिल्यापासनं हीच धास्ती हाय. पेपरात टाचणी टोचलेली माशी बघितली तेव्हापासनं बस्तीत दर्शनाला जाईना. देवापुढं कुठल्या तोंडानं उभी राहू म्हणती. म्हणून मी आलो बघा. म्हटलं, दुर्मिळ असंल तर तिला तसं सांगता तरी येईल.”

सरांना ठाऊक नव्हतं ते मला याच क्षणी सांगावं लागणार होतं. साधी म्हटल्यावर खोटेपणा सन्मतीच्या माथी जात होता, आणि तो त्याचा नव्हता.

“काका, त्यानं शब्द मोडला नाही,” मी म्हणाले. “अशी दिसणारी माशी दुर्मिळ आहे असं त्याला मी सांगितलं होतं.”

“म्हणजे?”

मी खणाच्या तळातून आणखी एक पेटी काढली. तिच्यात एकच माशी होती. एकोणीस जुलैला, म्हणजे आदल्या दिवशी, माझ्या जाळ्यात आलेली.

संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या खोलीत होतो. पिवळा बल्ब, त्यालाही धड वीज नाही. माझ्या बाटलीतली ही माशी मी टाचणीवर घेतली आणि तिचा पट्टा पांढुरका दिसला. बावीस दिवस आम्ही त्या एका जातीसाठी डोंगर पालथा घालत होतो. तिची नोंद मिळाली असती तर प्रकल्प आणखी दोन वर्षं वाढला असता आणि आम्ही दोघं नोकरीत राहिलो असतो. मी ओरडलेच. सन्मती चुलीवरचा भात टाकून आला. माशी हातात घेऊन म्हणाला, ‘गाल मोजलास?’

मोजपट्टीचं भिंग ट्रंकेच्या तळाशी होतं. ट्रंकेवर आमचे ओले कपडे, त्यावर तांदळाचं पोतं.

मी म्हणाले, ‘मोजला.’

‘किती?’

‘दीडपट.’

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्या कामावर त्याचा विश्वास होता. ‘गुळवणी, तुझं नाव होणार,’ एवढं म्हणाला. मी चिठ्ठी लिहिली, दुर्मिळ माशीचं नाव, खाली माझं नाव आणि तारीख. एका माशीवर अशी नोंद कोणी मान्य करत नाही. दुसरी लागते. सकाळी दोघांनी एकत्र जायचं असा आमच्या कामाचा नियम होता, पण मला रस्त्याच्या वळणापर्यंत जायचं होतं. मोबाइलला तिथंच रेंज मिळायची आणि हेबळे सरांना बातमी कधी सांगते असं मला झालं होतं. सन्मती म्हणाला, ‘तू जा, मी उतारावर बघून येतो.’ पावसानं गवत निसरडं होतं. गावातल्या माणसांना तो दुपारी सापडला. खिशातली बाटली फुटली नव्हती. तिच्यात ही माशी होती. तिचाही पट्टा माझ्या माशीसारखाच उन्हानं विटलेला होता, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यानं ती ठेवली होती.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं, याच क्रमानं. आत्ता लिहिलंय त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्यावर बसवलं आणि माझी एकोणीस जुलैची माशी उचलली. तिच्या टाचणीत दोन चिठ्ठ्या होत्या. आमच्या कामात पहिली चिठ्ठी चुकली तरी काढून टाकत नाहीत. दुरुस्तीची चिठ्ठी तिच्याखाली लावतात. आप्पांनी दोन्ही वाचल्या. वरची जुलैची, खालची सप्टेंबरची.

“दोन्हीवर नाव तुमचंच,” ते म्हणाले.

“हो.”

“सप्टेंबरला मोजला.”

“हो. दोन्हींचा. तीन तीनदा.”

त्यांनी माशी पेटीत ठेवली. टाचणी आधीच्याच भोकात बसली आहे ना ते वाकून पाहिलं. भिंग डबीत, डबी पिशवीत, टोपी डोक्यावर. मी वाट पाहत होते. मला काहीतरी बोलायला हवं होतं त्यांनी. शिवी चालली असती.

“रविवारी सुट्टी असती तुम्हाला?”

“असते.”

“घरी या. हे त्याच्या आईला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, पोराला सोडवायला रचून सांगतोय.”

“येते,” मी म्हणाले.

बाहेर पडताना पॅसेजमध्ये हेबळे सर भेटले. त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. “पाहिलीत ना, मगदूम? फार थोड्यांच्या नशिबात येते ती.”

“पाहिली,” आप्पा म्हणाले आणि हात सोडवून घेतला. चहाला थांबले नाहीत.

रविवारपर्यंत चार रात्री मी वाक्यं जुळवत होते. एसटीत ती पुन्हा म्हणून पाहिली. कुठून सुरुवात करायची, ‘मोजला’ हा शब्द कुठं यायचा, रडायचं नाही, माफी शेवटी मागायची. एक गोष्ट कबूल करते. भीती होतीच, पण आत कुठंतरी हलकंही वाटत होतं. आईंनी काय शिक्षा द्यायची ती द्यावी, एकदाचं सांगून मोकळं व्हावं, असं वाटत होतं.

स्टँडवर आप्पा न्यायला आले होते. बाजारपेठेतून चालताना त्यांचं दुकान लागलं. फळ्या लावलेल्या होत्या. ते दुकानाशी थांबले, पण कुलूप काढायला नाही.

“ताई, मी तिला सांगून बसलोय.”

“काय सांगितलंत?”

“दुर्मिळ हाय म्हणून.”

रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून जाताना “काय आप्पा, दुकान बंद?” म्हणालं, आणि आप्पांनी त्याला हात केला.

“त्या दिवशी घरी पोचलो तर दारातच उभी होती,” ते म्हणाले. “सकाळपासनं उभी होती म्हणं. पाणीसुद्धा दिलं न्हाई. म्हणाली, काय निघालं? मी वाटभर ठरवत आलो होतो, खरं तेच सांगायचं. त्यानं शब्द मोडला न्हाई, हे कळलं की तिचं मन निवंल. मग म्हटलं, पुढं ती इचारंल, मग गेला कशापायी? तर काय सांगू? एक भिंग ट्रंकेत तळाशी होतं म्हणून?” त्यांनी दुकानाच्या कुलपावरची धूळ अंगठ्यानं पुसली. “बस्तीत जाऊन आली काल. चार महिन्यांनी.”

“मग मला कशाला बोलावलंत, काका? मी परत जाते.”

“तिला तुमच्या तोंडनं ऐकायचंय. मी आपला घड्याळजी. माझा काय भरवसा, म्हणती.”

“मला ते सांगायला लावू नका.”

“लावत न्हाई,” आप्पा म्हणाले. “तुम्हाला सांगायचं ते सांगा. मी मधी बोलणार न्हाई.”

आणि ते चालू लागले.

घर दोन खोल्यांचं. सन्मतीची आई जमिनीवर सुपात हरभरे निवडत बसली होती. मला पाहून उठली, हात पदराला पुसले, सतरंजी झटकून घातली.

“ये बाळ, बस. गुळवणी, गुळवणी म्हणायचा सारखा. मला कितीतरी दिवस वाटायचं पोरगाच हाय कोणतरी. म्हटलं, एवढा दोस्त हाय तर घरी का आणत न्हाई.” तिनं मला नीट पाहिलं. “बारीक हायस गं. तिकडं थंडीत राहिलात तुम्ही दोघं?”

“हो.”

“स्वयंपाक कोण करायचं?”

“सन्मतीच. मला त्यानं भांडी घासायला ठेवलं होतं.”

ती हसली आणि हसता हसता थांबली. आप्पा उंबऱ्यात उभे होते, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे पाहत.

“मला एवढंच सांग,” ती म्हणाली. “ती माशी तूच पारखलीस नव्हं?”

“हो, मीच.”

“ह्यांनी सांगितलंय मला. पण ह्यांचं काय, मला बरं वाटावं म्हणून काहीपण सांगतील.” ती पुढं झुकली. तिचे हात मांडीवर एकात एक घट्ट धरलेले होते. “ती खरंच दुर्मिळ होती? तशी वाटेवाटेला दिसणारी न्हवं?”

जुळवून आणलेली सगळी वाक्यं माझ्यापाशी होती. पहिलं वाक्य तर ओठांवर होतं. उंबऱ्यातली पाठ हलली नाही.

“दुर्मिळ होती,” मी म्हणाले.

“नीट बघितलंस? मोजूनबिजून? तो म्हणायचा, मोजल्याबिगर काही खरं नसतं.”

“मोजलं.”

तिचे हात सुटले. तिनं डोळे मिटले आणि दोन-तीनदा मान हलवली. मग ती उठली, कोनाड्यातून बोटभर पेन्सिल आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान घेऊन आली, ते माझ्यासमोर ठेवलं आणि पुन्हा जमिनीवर बसली.

“नाव काय म्हणायचं तिचं? इंग्रजीतलं असंल तरी सांग. मराठी अक्षरात लिहून दे.”

मी दुर्मिळ माशीचं नाव लिहिलं. दोन शब्द, ठळक अक्षरात. तिनं पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि ओठ हलवत वाचलं. दुसरा शब्द चुकला. मी तो तिला फोडून सांगितला. तिनं पुन्हा म्हणून पाहिला, आणि या वेळी तो बरोबर आला.